गॅसचा वास येतोय

सोमवारच्या मीटिंगमध्ये इंद्रजित सरांनी पडद्यावर कंपनीच्या कॉम्प्युटरवरल्या माहितीच्या पानांची नवी रचना दाखवली आणि अपेक्षाच्या मस्तकात तिडीक गेली.

रचना दिसायला देखणी होती, हे आधीच कबूल करायला हवं. सगळ्यात वर 'कंपनी' नावाचं पान, त्याच्या पोटात 'व्यवस्थापन', 'विक्री', 'सर्व्हिस', 'उत्पादन'. त्या प्रत्येकाच्या पोटात विभागप्रमुखाच्या नावाचं पान, त्याच्या पोटात मशीनच्या मॉडेलचं पान, आणि मग कुठंतरी तळाशी, हात घालून चाचपावं तेव्हा लागतील अशी, कामाची पानं. सरांनी रंगही हौसेनं भरले होते. निळ्यात कोण आणि हिरव्यात कोण हे सांगताना त्यांचा आवाज लग्नात आहेर पुकारणाऱ्या माणसासारखा झाला होता.

अपेक्षा त्यात एकच पान शोधत होती. ते निळ्यातही दिसेना आणि हिरव्यातही दिसेना.

"सर, गॅसचं पान कुठंय?" तिनं विचारलं.

"आहे ना. व्यवस्थापन, त्याखाली धोरणं, त्याखाली सुरक्षा, त्याखाली एलपीजी. नावही बदललंय. 'एलपीजी इन्सिडेंट प्रोटोकॉल'. जरा प्रोफेशनल वाटतं."

"आणि जुन्या नावात काय वाईट होतं?"

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी खुसखुसलं. इंद्रजित सरांनी पाण्याची बाटली उचलली, झाकण काढलं, न पिताच पुन्हा लावलं आणि पुढची स्लाइड दाखवली.

घोटावड्याच्या पुढं भातखाचरं संपता संपता पत्र्याच्या शेड सुरू होतात, तिथं ही कंपनी. चपात्या करायची मशीनं बनवते. एका बाजूनं कणकेचे गोळे घालायचे, दुसऱ्या बाजूनं भाजलेल्या चपात्या पडायच्या, आणि मध्ये गॅसवर धडाडणारी भट्टी. वसतिगृहं, आश्रमशाळा, कारखान्यांची कँटीनं अशा ठिकाणी ही मशीनं जातात. तिथं ती बिघडली, की फोन येतो तो सर्व्हिसच्या टेबलावर, म्हणजे अपेक्षा कंधारेच्या टेबलावर. कासार आंबोलीहून स्कुटीवर येणारी, बी.कॉम. झालेली, तोंडानं फटकळ आणि कामात चोख अशी ही बाई.

ती लागली तेव्हा कंपनीची सगळी विद्या कैलासच्या डोक्यात होती. कैलास माले गावचा, सर्व्हिसचा सगळ्यात जुना मेकॅनिक. उरलीसुरली विद्या व्हॉट्सॲपच्या ढिगाऱ्यात, 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली गाडलेली. कैलास गावच्या जत्रेला गेला आणि त्यानं फोन बंद ठेवला, की अर्ध्या महाराष्ट्राच्या चपात्या तव्याला चिकटून बसायच्या. अपेक्षानं त्याच्यामागं लागून लागून ती विद्या काढून घेतली आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवर पानं लिहायला सुरुवात केली. तिथं अशी सोय आहे, की एका पानाच्या पोटात दुसरं पान ठेवता येतं, त्याच्या पोटात तिसरं. सगळी गंमत आणि सगळं भांडण तिथंच आहे, कशाच्या पोटात काय ठेवायचं यात.

तिनं पानं लावली ती फोन करणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांवरून. वसतिगृहातल्या आचाऱ्याला मॉडेल नंबर ठाऊक नसतो. सर्व्हिस विभागाचा प्रमुख कोण, हे तर त्याच्या बापालाही ठाऊक नसतं. त्याला इतकंच दिसतं की चपाती फुगत नाही. म्हणून पानाचं नाव 'चपाती फुगत नाही', आणि त्याच्या पोटात त्यामागची कारणं. तसंच 'कणीक चिकटते', तसंच 'पट्टा एका बाजूला सरकतो'. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर, कशाच्याही पोटात न ठेवलेलं, लिंक असेल त्या कुणालाही उघडता येणारं पान होतं, 'गॅसचा वास येतोय'.

त्या पानाची पहिली ओळ अशी होती: 'तुम्ही आत उभे असाल तर हे वाचू नका. बाहेर जा आणि मग वाचा.'

दुसरी ओळ पंख्याची. वास आला की स्वयंपाकघरातलं माणूस पहिलं काय करतं, तर एक्झॉस्ट पंख्याचं बटण दाबतं. रोज धूर झाला की तेच करायचं असतं, हाताला वळणच पडलेलं. पण गॅस साचलेल्या खोलीत बटणाची एवढीशी ठिणगीही पुरते. दुसऱ्या कुठल्या कामातलं माणूस ही चूक करणार नाही. चपात्या करणारं माणूस हमखास करतं. म्हणून दुसरी ओळ ठसठशीत अक्षरांत होती: 'पंखा लावू नका. कुठलंही बटण दाबू नका, चालू करायचंही नाही आणि बंद करायचंही नाही.'

आता इंद्रजित सरांचंही सांगायला हवं, कारण माणूस वाईट नव्हता. मूळचे लातूरचे, हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत बरीच वर्षं काढलेली, इथं सर्व्हिसचे प्रमुख म्हणून नवे आलेले. कामाला वाघ. पण ते आले आणि थोड्याच दिवसांत एका बड्या कँटीन कंत्राटदाराची माणसं कंपनी बघायला आली. ऑफिसातल्या मोठ्या टीव्हीवर पानांची यादी उघडी होती. त्यातल्या एकानं पहिलीच ओळ मोठ्यांदा वाचली आणि म्हणाला, "म्हणजे तुमच्या मशीनला गॅसचा वास येतो की काय हो?" सगळे हसले. इंद्रजित सर हसले नाहीत. त्यांनी त्याच आठवड्यात नवी रचना करायला घेतली आणि मालकांकडून मंजूरही करून घेतली.

मीटिंग सुटल्यावर अपेक्षा त्यांच्या टेबलापाशी गेली.

"सर, ते एक पान वर राहू द्या. बाकीचं काय हवं ते करा."

"अपेक्षा, मशीन घ्यायला आलेल्या माणसाला आपण सगळ्यात आधी हे सांगायचं?"

"हो."

"हो?"

"हो सर. सगळ्यात आधी हेच."

"हे बघ, पान कुठं गेलेलं नाही. रचना समजून घेतली की कुणालाही सापडेल."

"ज्याला वास येतोय तो रचना कधी समजून घेणार?"

सरांनी लॅपटॉप मिटला. म्हणाले, "आपण यावर नंतर बोलू."

नंतर कुणी बोललं नाही. अपेक्षानं दुपारी पान उचलून परत वर ठेवलं. संध्याकाळपर्यंत ते खाली गेलेलं होतं. तिनं पुन्हा वर ठेवलं, सकाळी ते पुन्हा खाली. प्रत्येक पानाला आपला इतिहास असतो, कुणी कधी काय बदललं त्याचा. तो उघडला तर नळावरच्या भांडणासारखा दिसायला लागला, अपेक्षानं हलवलं, इंद्रजितनी हलवलं, अपेक्षानं हलवलं, इंद्रजितनी हलवलं. सर्व्हिसमधली माणसं चहा पिताना तो इतिहास उघडून बघायची आणि आज कोण वर आहे ते एकमेकांना सांगायची.

मग एका दुपारी तिनं पानावर हात घातला आणि पान हलेना. तिचे हक्क काढून घेतले होते. तिनंच लिहिलेली पानं ती आता नुसती वाचू शकत होती. रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून ती पंचिंग मशीनपाशी जाऊन उगीचच कागदांना भोकं पाडत उभी राहिली.

घरी सासूबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. रत्नाबाई. घराण्याच्या चालीप्रमाणं अपेक्षा त्यांना आत्या म्हणायची. घरामागं बांधलेल्या खोल्या कारखान्यातल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या, आणि त्या पोरांवर रत्नाबाईंचा असा वचक, की त्यांच्या समोरून जाताना पोरं फोनवरचं गाणं बंद करायची.

"तोंड का असं झालंय?" त्यांनी विचारलं.

"माझं पान खाली टाकलं, आत्या. आणि मला हातसुद्धा लावू देत नाहीत."

"कुटलं पान?"

अपेक्षानं सगळं सांगितलं. रत्नाबाईंनी ऐकता ऐकता मूठभर शेंगा संपवल्या.

"मंग फाडून तर न्हाई ना टाकलं? हाय ना अजून?"

"असून काय उपयोग? कुणाला सापडायचंच नाही."

"हे बघ, मला त्या कंपुटरमधलं काय कळत न्हाई. पन नोकरीवर पानी सोडून येऊ नको. तू दिवसभर घरात राहिलीस तर मला शेंगा सोलायच्या कशा, ते बी शिकवशील. लई वैताग हुईल."

अपेक्षाला हसू आलं. तेवढ्यात रत्नाबाई शेंगांवरची नजर न उचलता म्हणाल्या, "अन् दबून बी राहू नको."

"आत्या, दोन्ही एका वेळी कसं जमायचं?"

"ते तुझं तू बघ. या घरात येऊन मी जमवलंच ना."

अपेक्षानं शेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या. तिला एकदम हलकं वाटलं, पण राग कमी झाला नाही. तो फक्त नीट बसला.

दोनचार दिवस गेले आणि एका दुपारी, डबे उघडायच्या वेळेला, कैलासचा फोन आला. तो दूर कुठल्यातरी कारखान्याच्या कँटीनमध्ये मशीन खोलून बसला होता.

"ताई, ते गॅसचं पान उघडंना. कराडकडं आपलं मशीन हाय ना, मुलींचं हॉस्टेल, तितल्या मावशींना लिंक पाठवली. तर त्या म्हनत्यात, परवानगी न्हाई, परवानगी मागा, असं कायतरी येतंय."

अपेक्षाचा घास हातातच राहिला. "वास येतोय?"

"व्हय. लई येतोय म्हनल्या."

तिनं डबा सरकवला आणि नंबर लावला. हॉस्टेलच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख गोजराबाई फोनवर आल्या. मागं भांड्यांचा आणि पोरींचा कालवा.

"मावशी, मी कंपनीतनं बोलतेय. कुठं उभ्या आहात?"

"हितंच की, मशीनपाशी. तुमचं ते पान काय उघडंना बाई. पोरीला म्हनलं, पंखा तरी लाव, वास तरी जाईल."

"पंखा लावू नका!"

अपेक्षा इतक्या जोरात ओरडली, की ऑफिसातली सगळी माणसं उभी राहिली.

"मावशी, तिला म्हणा हात मागं घे. आत्ता. बटणाला हात लावायचा नाही. जे चालू आहे ते चालू राहू द्या, बंद आहे ते बंद राहू द्या. सगळ्यांनी बाहेर चला. फोन घेऊन तुम्हीपण बाहेर चला, बाहेर गेल्यावर बोला माझ्याशी."

फोनमध्ये गोजराबाईंचा आवाज आला, "अगं ए, हात काढ! काढ म्हनते ना!" मग चपलांची फटफट, कुणीतरी ताट पाडल्याचा आवाज, कुणाची तरी हाक, आणि मग एकदम मोकळी हवा ऐकू यावी तसा पाखरांचा आवाज.

"आलो बाई भायेर. आता?"

"आता सिलिंडरची खोली. बाहेरच्या अंगाला आहे ना? तिथला मोठा व्हॉल्व्ह बंद करा. उजवीकडं फिरवा. फिरतोय?"

"फिरतोय."

पुढचं सगळं सरळ झालं. भट्टीकडं जाणाऱ्या नळीचा जोड ढिला झाला होता. कैलासनं हातातलं काम टाकून कराड गाठलं आणि तो बदलला. कुणाला काही झालं नाही. अपेक्षानं मात्र त्या दिवशी डबा पुन्हा उघडला नाही, तिला खाववेना.

पान का उघडलं नाही, ते तिनं तेवढ्यात शोधून काढलं होतं. तिचे हक्क गेल्यानंतर 'व्यवस्थापन' या पानाला कुलूप लागलं होतं, फक्त विभागप्रमुखांना उघडावं असं. आणि या सोयीची रीत अशी, की वरच्या पानाला कुलूप असलं तर त्याच्या पोटात ठेवलेल्या प्रत्येक पानाला ते आपोआप लागतं. इंद्रजित सर स्वतः प्रमुख. त्यांच्या स्क्रीनवर सगळं व्यवस्थित उघडत होतं. त्यामुळं आपण गॅसच्या पानालाही कुलूप लावलंय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. गोजराबाईंनी बिचाऱ्यांनी 'परवानगी मागा' वर बोटसुद्धा दाबलं होतं. ती विनंती सरांच्या ईमेलमध्ये जाऊन पडली होती, आणि सर बाणेरला एका ग्राहकाकडं बसले होते.

ते परत आले तेव्हा त्यांना कळलेलं होतं. चेहरा उतरला होता, खोटा नव्हे, खरोखर उतरला होता. उभ्या उभ्याच त्यांनी लॅपटॉप उघडला आणि कुलूप काढलं.

"चूक झाली. माझ्या लक्षात नाही आलं. कम्युनिकेशन गॅप झाली. आता कुणालाही उघडेल."

"वर न्या सर."

"कुलूप काढलंय ना आता?"

"कुलूप काढलंत, बरं केलंत. आता वर न्या. लिंक नसेल, कैलासदादा फोन उचलणार नसतील, तेव्हा कुठं शोधायचं कुणी? धोरणांत?"

"अपेक्षा, एका पानासाठी सगळी रचना मोडायची? साहेबांना दाखवून मंजूर झालीय ती. आता मी जाऊन काय सांगू, की मला कळलं नव्हतं?"

हे मात्र त्यांच्या तोंडून खरं निघून गेलं. नव्या जागी आलेल्या माणसाची भीती तिला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसली, आणि तिला त्यांची कीवही आली. पण तिला कीव आली म्हणून पान काही वर जाणार नव्हतं.

"सांगा ना तसंच," ती म्हणाली. "कळलं नव्हतं म्हणून सांगा. त्यात काय."

"विषय संपला," सर म्हणाले.

अपेक्षा पार्किंगमध्ये गेली, स्कुटीवर बसली, आणि स्कुटी चालू न करता तिनं कैलासला फोन लावला.

"कैलासदादा, तुमच्या लॉगिननं नवं पान करता येतं का हो?"

"येत असंल. कदी केलं न्हाई बा."

"येतं. सगळ्यांना येतं, माझंच तेवढं काढलंय. एक पान करा. सगळ्यात वर ठेवा. नाव तेच, गॅसचा वास येतोय."

"एका नावाची दोन पानं घेतंय व्हय ते?"

"आता ते नाव मोकळंच आहे, तुमचं घेईल. पण दुसऱ्याला सांगाल ना, त्याचं घेणार नाही. म्हणून प्रत्येकानं पुढं आपलं नाव आणि गाव लावा."

पलीकडून कैलास म्हणाला, "ताई, त्या पोरीचा हात बटनावर व्हता म्हनं. मावशी सांगत व्हत्या."

"होता."

"मग करतोच. अन् राजू मेकॅनिकला बी सांगतो."

दुसऱ्या दिवशी अपेक्षा ऑफिसात पोचली तेव्हा टीव्हीपुढं गर्दी जमली होती. पानांची यादी उघडी होती. सगळ्यात वर 'गॅसचा वास येतोय – कैलास, माले'. त्याखाली 'गॅसचा वास येतोय – राजू, भूगाव'. त्याखाली 'गॅसचा वास येतोय – शारदा, घोटावडे'. शारदा तर सर्व्हिसमधली नव्हती, जोडणीच्या शेडमध्ये भट्ट्यांचे नळ बसवायची. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. त्याखाली आणखी, आणि त्याखाली आणखी. सरांची निळी-हिरवी रचना ढकलत ढकलत पार पडद्याबाहेर गेली होती.

प्रत्येकानं मजकूर आपल्या भाषेत लिहिला होता. कैलासच्या पानाची पहिली ओळ होती, 'आत असशील तर वाचत बसू नको, भायेर पळ.' शारदानं व्हॉल्व्हचा फोटो काढून त्यावर बोटानं लाल बाण ओढला होता. राजूनं एकच ओळ लिहिली होती: 'पंख्याला हात लावशील तर याद राख.' अपेक्षा एकेक पान उघडून वाचत गेली. इतके दिवस तिला वाटत होतं, की या पानासाठी आपण एकटीच भांडतोय.

इंद्रजित सरांनी आल्या आल्या पानं काढायला सुरुवात केली. त्यांनी दोन काढली तोवर नवी तीन आली. नाशिककडं गेलेल्या मेकॅनिकलाही बातमी पोचली होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सर थकले आणि मालकांच्या केबिनमध्ये गेले. थोड्या वेळानं अपेक्षाला बोलावणं आलं.

मालक जनार्दनसाहेब कोथरूडचे. पहिलं मशीन त्यांनी स्वतःच्या हातानं, भाड्याच्या शेडमध्ये बनवलं होतं. आता केस पांढरे झाले होते आणि बोलणं हळू.

"हा काय पोरखेळ चाललाय?" त्यांनी विचारलं.

"सर, कुणीतरी सांगितल्याशिवाय एवढे लोक एकाच वेळी असं करणार नाहीत," इंद्रजित म्हणाले. "मला फक्त एवढंच जाणून घ्यायचंय, की सांगितलं कुणी."

"मी सांगितलं," अपेक्षा म्हणाली.

दोघंही तिच्याकडं बघत राहिले. खुलासे ऐकायची तयारी करून बसलेल्या माणसांना एकदम कबुली मिळाली, की त्यांना पुढं काय विचारावं ते सुचत नाही.

"मी कैलासदादांना फोन केला आणि सांगितलं. बाकीच्यांची नावं पानांवर आहेतच, कुणी लपवलेली नाहीत. माझं नाव तेवढं नाही, कारण मला पान करता येत नाही."

"अपेक्षा, शिस्त म्हणून काही असते," जनार्दनसाहेब म्हणाले. "मी एका माणसाला प्रमुख नेमलंय. त्यानं रचना ठरवली, मी मान्य केली. न पटणाऱ्यानं प्रत्येक वेळी असा गोंधळ घातला तर कंपनी कशी चालायची?"

इथवर अपेक्षा ऑफिसातलं मराठी बोलत होती. आता ते सुटलं.

"साहेब, ती पोरगी पंख्याच्या बटनाला हात लावून उभी हुती. तिला तुमच्या कंपनीत कोन कुनाच्या हाताखाली हाय, त्याच्याशी काय करायचंय? मशीन तुमचं हाय. गॅस तुमच्या मशीनमधनं येतोय. आन् तिला वाचवायचं पान तुमी पार धा पानांच्या पोटात घालून ठिवलंय, का, तर पावन्यांनी वाचलं तर लाज वाटती. मला न्हाई वाटत लाज. मला त्या पोरीची काळजी वाटती."

जनार्दनसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना तिचं म्हणणं पटलं होतं, ते दिसत होतं. पण आपण नेमलेल्या प्रमुखाला सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचं, हेही त्यांना जमणार नव्हतं.

"तुला पानांच्या कामावरून काढावं लागेल," ते शेवटी म्हणाले. "सर्व्हिसमधूनही. सोमवारपासून डिस्पॅचला जा. निदान काही दिवस."

डिस्पॅच म्हणजे मागची शेड. लाकडी खोकी, टेम्पो आणि दोरखंड. तिथं कुणी आपणहून जात नसे.

"मला कुठंही हलवा, साहेब," अपेक्षा म्हणाली. "ते पान हलवायचं न्हाई. आत्ता वर न्या, माझ्यासमोर. मग मी सोमवारी कुठं म्हणाल तिथं जाते."

जनार्दनसाहेबांनी इंद्रजितकडं पाहिलं. मान हलवली नाही, नुसतं पाहिलं. इंद्रजितनी लॅपटॉप पुढं ओढला. तळाशी जाऊन पान शोधायला त्यांना स्वतःलाही वेळ लागला. मग त्यांनी ते उचललं आणि सगळ्यात वर आणून ठेवलं.

"नाव?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"जुनंच."

कैलासनं तेच नाव आपल्या पानाला दिलं होतं, पण पुढं गाव लावलेलं असल्यानं अडलं नाही. सरांनी नाव लिहिलं. अपेक्षानं ते नीट वाचून घेतलं आणि ती केबिनमधून बाहेर पडली. बाकीच्यांनी आपापली पानं त्याच दिवशी काढून टाकली. कैलासनं काढलं नाही. सरांनी फोन करून सांगितलं तरी काढलं नाही. "राहू द्या, एखादं जास्तीचं बरं असतंय," म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

सोमवारी ती मागच्या शेडमध्ये गेली. तिथला मुख्य माणूस गेणबा, कंपनीत पहिल्यापासूनचा. त्यानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एका खोक्यावरची धूळ फडक्यानं झटकली.

"शिक्षा म्हनून धाडलंय व्हय गं तुला हितं?"

"व्हय."

"मंग बस."

ती बसली. समोर एक मशीन टेम्पोत चढत होतं. दोघं खेचत होते, तिसरा ओरडत होता, आणि भट्टीचा कोपरा दाराच्या कडेला लागायच्या बेतात होता.

"गेणबाकाका, चढवताना आधी काय बांधायचं, नंतर काय बांधायचं, हे कुठं लिहिलंय?"

"लिवलेलं? छ्या. ज्याला ठावं हाय तो बांधतो. तो नसला, की वाटंत मशीन हलतंय, अन् मंग डायवर फोन करून आमच्या नावानं बोंब मारतोय."

"काय म्हणतो फोनवर?"

"काय म्हननार? मशीन हलतंय म्हनतो."

कोपऱ्यात प्लॅस्टिकचं आवरण घातलेला एक कॉम्प्युटर होता. डिस्पॅचचं लॉगिन सगळ्यांना मिळून एकच होतं. त्याचे हक्क काढायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, डिस्पॅचचं कुणी काही लिहील हेच कुणाला वाटलं नव्हतं. अपेक्षानं आवरण काढून घडी घातलं, कॉम्प्युटर चालू केला आणि नवं पान उघडलं. नावाच्या जागी तिनं लिहिलं, 'गाडीत मशीन हलतंय'.

मग स्क्रीननं विचारलं, हे पान कशाच्या खाली ठेवायचं? उत्तरासाठी लांबलचक यादी उघडली. कंपनी. व्यवस्थापन. उत्पादन. डिस्पॅच. प्रमुखांची नावं एकाखाली एक. इंद्रजित सरांचंही होतं.

गेणबा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. "कुनाच्या हाताखाली टाकतीस?" त्यानं विचारलं.

"कुणाच्याच नाही," अपेक्षा म्हणाली, आणि तिनं यादी बंद केली. "आता सांगा काका. सगळ्यात आधी काय बांधायचं?"